नाण्याचा काटा, पार्सलचा काटा

गंगाखेडहून दक्षिणेकडे बालाघाटच्या रांगांत शिरलं की राणीसावरगाव लागतं. अशा मोठ्या गावच्या बाजारपेठेत एकाच रस्त्यावर चार तऱ्हांचे काटे सहज सापडतात. सराफाकडे काचेच्या पेटीतला, किराणा दुकानात स्टीलच्या ताटाचा, आडतीवर पोत्यांसाठी जमिनीलगतचा आणि हातगाडीवर अजून तग धरून असलेली तागडी. अलीकडे त्यांत पाचव्याची भर पडली आहे. मोबाइलएवढा, काही शे रुपयांना घरपोच येणारा आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा.

हा पाचवा घेणारे लोकही नवे आहेत. कुणाच्या हाती आजीच्या डब्यातले चांदीचे रुपये आलेले असतात. कुणी जुनी नाणी जमवतं. कुणाचा बचत गट शेंगदाण्याची चटणी आणि पापड बांधून पुण्या-मुंबईला धाडतो. दुकानदाराला गल्ल्यातली चिल्लर मोजायचा कंटाळा आलेला असतो. प्रश्न सगळ्यांचा एकच: नाणंही तोलता येईल आणि पार्सलही, असा एक काटा मिळेल का?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, नाही. काटा घेताना गिऱ्हाईक दोनच गोष्टी पाहतं: जास्तीत जास्त किती वजन पेलतो आणि पडद्यावर शेवटचा आकडा किती बारीक येतो. खरी मेख तिसऱ्याच आकड्यात आहे आणि तो काट्याच्या पाटीवर छापलेला असूनही वाचला जात नाही. तो आकडा म्हणजे कमीत कमी किती वजन त्यावर भरवशानं तोलता येतं.

रुपया हेच वजन होतं तेव्हा

नाणं आणि वजन यांचं नातं जुनं आहे. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. तोळाही तेवढाच. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण, आणि तो मण आजच्या हिशेबानं 37.32 किलोंचा. पारड्यात वजनाऐवजी रुपये टाकून माल तोलणं हा त्यामुळे अडाणीपणा नव्हता. ते चक्क प्रमाणित वजन होतं. तोळ्याखाली बारा मासे आणि माशाखाली आठ गुंजा. सोनाराच्या डबीत लाल-काळ्या गुंजा असत त्या याच कामासाठी.

परभणी जिल्ह्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि इथे चलन होतं हाली सिक्क्याचं. चारमिनार कोरलेला हा रुपया 11.18 ग्रॅमचा आणि त्यात चांदी सुमारे 82 टक्के. इंग्रजी रुपयात चांदी 91.7 टक्के. संस्थान विलीन झाल्यावरही काही वर्षं दोन्ही चलनं सोबत चालली; हाली सिक्का कायमचा गेला तो 1959 मध्ये. मराठवाड्यातल्या जुन्या घरात डबा उघडला की त्यात ‘राणीछाप’ रुपये आणि चारमिनारचे रुपये एकत्र निघतात ते म्हणूनच.

पुढे 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. वजनमापांचा कायदा 1956 चा. मेट्रिक वजनं ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि एप्रिल 1962 पासून सक्तीची झाली. पायली, अधोली, चिपटं ही मापं धान्याच्या कणगीजवळ त्यानंतरही बराच काळ टिकली. सराफा बाजारात ‘तोळा’ हा शब्द राहिला, वजन मात्र दहा ग्रॅम झालं. आजी ‘पाच तोळ्यांचा’ म्हणत असलेला डाग जुन्या मापानं 58.3 ग्रॅमचा असू शकतो. आजच्या पाच तोळ्यांचे 50. जुना दागिना किंवा नाणी विकायला नेताना हा फरक ठाऊक असलेला बरा.

नाण्यासाठी: शंभरावा भाग हवाच

आता हे दोन रुपये निरनिराळ्या काट्यांवर ठेवून पाहावेत. किराणा दुकानातला काटा पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्यानं चालतो. त्यावर इंग्रजी रुपया 10 ग्रॅम दिसेल आणि हाली सिक्काही 10 च. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा 12 आणि 11 दाखवेल. पण झिजलेला इंग्रजी रुपयाही त्यावर 11 वर येऊ शकतो. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा 11.7 आणि 11.2 सांगतो. इथे निदान बोलायला जागा मिळते. शंभरावा भाग दाखवणारा काटा मात्र झीजसुद्धा उघडी पाडतो.

पण नुसतं वजन पटलं म्हणून नाणं अस्सल ठरत नाही. 1947 चा रुपया निकेलचा आहे आणि त्याचं वजनही 11.66 ग्रॅमच. 1940 नंतरच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच, तरी वजन तेच. निकेलचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, म्हणून तो लगेच ओळखू येतो. तांबे-निकेलच्या मिश्रणातून ओतलेली आणि वजन मुद्दाम जुळवलेली नक्कल चुंबकाला चिकटत नाही. तिथे पाण्याचा उपाय चालतो आणि तो घरच्या घरी करता येतो.

दोनशे ग्रॅम पेलणारा आणि शंभरावा भाग दाखवणारा काटा सपाट जागी ठेवायचा. त्यावर प्लॅस्टिकची लहान वाटी अर्धी-पाऊण पाण्यानं भरून ठेवायची. मग ‘टेअर’चं बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा. पूर्वी तागडीवर रिकाम्या भांड्याचा धडा करत, तेच हे. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पुरतं बुडेल असं सोडायचं. वाटीच्या तळाला किंवा कडेला ते टेकता कामा नये. पडद्यावर जो आकडा येतो ते नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. अस्सल इंग्रजी चांदीच्या रुपयाला तो 1.13 च्या आसपास येतो, तांबे-निकेलच्या नकलेला 1.31 च्या. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा फुगवतो, म्हणून नाणं आधी ओलं करून घ्यावं. दहाव्या भागाच्या काट्यावर हेच आकडे 1.1 आणि 1.3 होतात आणि पडताळा डळमळीत होतो. नाण्यांसाठी शंभरावा भाग हवा तो एवढ्यासाठी.

हजारावा भाग दाखवणारे काटेही मिळतात, पण त्यांना काचेची पेटी लागते. पंख्याचा वारा, अंगावरून गेलेला श्वास, टेबलाला लागलेला कोपर, एवढ्यानंही त्यांचा आकडा हलतो. दागिन्यांचा व्यवहार करणाऱ्याला तो खर्च परवडतो. डबाभर नाण्यांसाठी त्याची गरज नाही.

या छंदासोबत काही कायदेही येतात. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं परदेशी पाठवता येत नाही. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचं मडकं सापडलं तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि जुनं नाणं लाखोंना विकून देतो, आधी फी भरा, असा फोन आला तर ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनंच दिलेला इशारा आठवावा: आपल्या नावानं अशा व्यवहारांत कमिशन मागणाऱ्यांशी बँकेचा संबंध नाही.

चिल्लर वजनावर मोजायची तर

दुकानदाराची गरज वेगळी. त्याला नाणं खरं की खोटं हे बघायचं नसतं, ढीग मोजायचा असतो. बऱ्याच काट्यांवर नग मोजायची सोय असते: दहा नग ठेवून नमुना शिकवला की पुढचा ढीग काटा भागाकार करून सांगतो. खिळे-स्क्रूंना ही युक्ती उत्तम. आपल्या नाण्यांना मात्र ती एका अटीवरच लागू पडते.

कारण एकाच किमतीची नाणी एका वजनाची राहिलेली नाहीत. 2011 च्या मालिकेतला एक रुपया 3.79 ग्रॅमचा, 2019 चा 3.09 ग्रॅमचा, तर नव्वदच्या दशकातला स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅमचा. पाच रुपयांचं जुनं तांबे-निकेलचं नाणं 9 ग्रॅमचं, नंतरचं 6 ग्रॅमचं आणि 2019 चं 6.74 ग्रॅमचं. 2019 चे हजार रुपये थैलीत भरले तर वजन 3.09 किलो होतं. काट्याला नमुना म्हणून 2011 चे रुपये शिकवले असतील तर तो ही थैली 815 रुपयांची ठरवेल. म्हणजे 185 रुपये बसल्या जागी गायब.

त्याहून गमतीची जोडी म्हणजे नव्वदच्या दशकातला एक रुपया आणि 2011 चे दोन रुपये. दोघांचंही वजन 4.85 ग्रॅम आणि व्यास 25 मिलिमीटर. कितीही महागडा काटा आणला तरी या दोघांत भेद करू शकणार नाही. तिथे डोळाच लागतो.

तेव्हा आधी निवडायचं, मग तोलायचं. मालिकेप्रमाणे ढीग वेगळे केले तर दोन-तीन किलोंपर्यंतचा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा या कामाला पुरतो. पाच ग्रॅमचा किराणा काटा इथे निकामी, कारण रुपयाचं नाणंच त्याच्या एका टप्प्यापेक्षा हलकं आहे.

पार्सलसाठी: वजनासोबत टेपही

पार्सलचा काटा घेताना बारीक आकड्यांचा मोह नको. इथे पैसे टप्प्यांवर ठरतात. 1 ऑक्टोबर 2025 पासूनच्या स्पीड पोस्टच्या दरांत 50 ग्रॅम, 250 ग्रॅम आणि 500 ग्रॅम असे टप्पे आहेत. पुढे दर अर्ध्या किलोला आकार वाढतो. 495 ग्रॅमचं पाकीट एका टप्प्यात बसतं, 505 ग्रॅमचं पुढच्या टप्प्यात जातं. चिकटपट्टीच्या दोन फेऱ्यांनीही हे होऊ शकतं. घरी तोलताना टप्प्याच्या दहा ग्रॅम आत राहिलं की खिडकीवर वाद होत नाही.

खासगी कुरिअरकडे आणखी एक हिशेब चालतो. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बऱ्याच ठिकाणी 5000 नं भागायची. येणारा आकडा किलोंत धरायचा आणि खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसे घ्यायचे. कुरडयांना हा नियम फार जाचतो. 30 बाय 25 बाय 20 सेंटिमीटरच्या खोक्यात जेमतेम किलोभर कुरडया बसल्या तरी आकारणी तीन किलोंची होते. चटणी, मसाला किंवा गूळ तेवढ्याच खोक्यात कितीतरी स्वस्त जातो. पार्सलच्या काट्याशेजारी मोजपट्टी असावी ती यासाठी.

काटा केवढा घ्यावा? घरगुती आणि लहान व्यवसायाला दहा किलोंचा, एक ग्रॅमच्या टप्प्याचा काटा सोयीचा. तीस किलोंचा मोह होतो, पण तिथेच तो तिसरा आकडा आडवा येतो. तीस किलोंच्या व्यापारी काट्याच्या पाटीवर ‘कमाल 30 किलो, किमान 100 ग्रॅम, ई = 5 ग्रॅम’ अशी इंग्रजी अक्षरं असतात. हा ‘ई’ म्हणजे तपासणीचा टप्पा. काट्यांचे अचूकतेनुसार चार वर्ग आहेत: पहिला प्रयोगशाळेचा, दुसरा सराफी कामाचा, तिसरा बाजारपेठेचा आणि चौथा ओबडधोबड मालाचा. तिसऱ्या वर्गात किमान वजन ‘ई’च्या वीसपट असतं. वीस गुणिले पाच, म्हणजे शंभर ग्रॅम. त्याखाली काटा आकडा दाखवतो जरूर, पण त्याची हमी कुणी घेतलेली नसते.

बचत गटाच्या पाकिटावर हे लावून पाहिलं की गोष्ट स्पष्ट होते. पाकीटबंद मालाच्या 2011 च्या नियमांत 100 ग्रॅमच्या पाकिटाला कमी भरण्याची मुभा साडेचार ग्रॅम आहे आणि अनेक पाकिटांची सरासरी मात्र छापील वजनाखाली जाता कामा नये. पाच ग्रॅमच्या काट्याला नवा असताना या वजनाजवळ अडीच ग्रॅमची चूक माफ असते. वापरातल्या काट्याला त्याच्या दुप्पट, म्हणजे पाच. माफ असलेली चूकच मुभेपेक्षा मोठी झाली! एक ग्रॅमच्या काट्यावर हीच चूक जास्तीत जास्त एका ग्रॅमवर येते. गटातल्या बाया कितीही काळजीनं पाकीट भरोत, काटा चुकीचा निवडला असेल तर पाकीट कमी भरलेलं निघू शकतं आणि त्यात मापात पाप करायचा कुणाचा हेतूही नसतो.

शिक्का कुणाला लागतो

स्वतःच्या नाण्यांचं वजन पाहणं, पार्सल टपालात टाकण्याआधी अंदाज घेणं, यांना सरकारी शिक्का लागत नाही. वजनावर माल विकायला मात्र लागतो, मग तो माल चटणीचा असो की चांदीचा. वैध मापन कायदा 2009 चा, अमलात आला 1 एप्रिल 2011 पासून. त्याप्रमाणे काट्याच्या नमुन्याला केंद्राची मान्यता असावी लागते. तिचा क्रमांक पाटीवर असतो. त्यानंतर वैध मापनाचा निरीक्षक काटा प्रमाणित वजनांनी तपासतो, सील लावतो आणि प्रमाणपत्र देतो. लोखंडी वजनं आणि तागडी दर दोन वर्षांनी तपासावी लागतात. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी.

खिशातला स्वस्त काटा या परीक्षेला बसतच नाही. त्याच्या पाटीवर वर्ग नसतो, ‘ई’ नसतो, मान्यता क्रमांकही नसतो. घरात तो सोन्यासारखा उपयोगी, पण त्यावर तोलून चांदी विकणं हा गुन्हा आहे.

शिक्का काटा जिथे वापरायचा त्या भागातच मारून घ्यावा, याला भौतिकशास्त्राचाही आधार आहे. तागडी दोन पारड्यांतली वजनं एकमेकांशी ताडते. गुरुत्वाकर्षण कमी-जास्त झालं तरी दोन्ही बाजूंना सारखंच होतं. इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो लोडसेल: ॲल्युमिनियमचा एक दांडा, भारानं केसभर वाकणारा, आणि त्याला चिकटवलेल्या पट्ट्यांतून जाणाऱ्या विजेतला फरक मोजणारा. तो वस्तुमान ओळखत नाही, भार ओळखतो. गुरुत्वाकर्षण दिल्लीपेक्षा बालाघाटच्या डोंगरात किंचित कमी आहे. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच इथे आणला तर तीस किलोंवर वीसेक ग्रॅम कमी दाखवेल. दहा ग्रॅमच्या नाण्यावर हा फरक जाणवत नाही, सोयाबीनच्या पोत्यावर जाणवतो.

तागडीही अजून पुरती मोडीत निघालेली नाही. गुजरातेतलं सावरकुंडला गाव काट्यांच्या धंद्यासाठीच प्रसिद्ध आहे. वीज गेली, बॅटरी उतरली तरी तागडी चालते, आणि दांडी मारणाऱ्याचा हात गिऱ्हाईकाला समोर दिसतो. नाण्यांसाठी मात्र साधी तागडी पुरेशी संवेदनशील नसते.

घेताना आणि घेतल्यावर

दुकानात काटा घेताना चार गोष्टी जागेवर करून पाहाव्यात. एकच वस्तू ताटाच्या मध्यावर आणि चारी कोपऱ्यांवर ठेवायची. आकडा बदलला तर काटा नको. तीच वस्तू पाच-सहा वेळा उचलून ठेवायची. दर वेळी तोच आकडा यावा. वस्तू काढली की शून्यावर परत यावा. आणि खिशातल्या काट्यासोबत 100 किंवा 200 ग्रॅमचं प्रमाणित वजन घ्यावं. ते नसेल तर 2011 च्या मालिकेतली पाच रुपयांची दहा चकचकीत नाणी ठेवावीत. 60 ग्रॅमच्या आसपास आकडा आला तर काटा निदान रुळावर आहे.

मराठवाड्याच्या हवेत काट्याचे शत्रू ठरलेले. एप्रिल-मे महिन्यांतलं ऊन, सतत जाणारी वीज आणि मुंग्या. उन्हात ठेवलेला काटा तापला की आकडा सरकतो. म्हणून सावलीत ठेवून, चालू करून काही मिनिटं थांबावं. दुकानी काट्यात सहसा सहा व्होल्टची बॅटरी असते. ती पुरती उतरू दिली की लवकर मरते. ताटाखाली मुंग्यांनी माती भरली किंवा धान्याचा दाणा अडकला की लोडसेल वाकू शकत नाही आणि काटा कमी दाखवू लागतो. खिशातल्या काट्यावर त्याच्या कमाल वजनापेक्षा बराच जास्त भार दिला तर दांडा कायमचा वाकू शकतो. पार्सल त्यावर ‘बघू तरी’ म्हणून ठेवणं म्हणजे काटा घालवणं.

दोन्ही काट्यांचा मिळून खर्च चांगल्या मोबाइलपेक्षा कमी असतो. खिशातला काही शे रुपयांत येतो, दहा किलोंचा शिक्क्याचा काटा दोन-चार हजारांत. दोन्ही एकदम जमत नसतील तर आधी पार्सलचा घ्यावा. नाणी रोज तोलायची नसतात आणि ओळखीच्या सराफाकडे ती फुकट तोलून मिळतात. चटणीची पाकिटं मात्र दर आठवड्याला भरायची असतात आणि त्यांवर छापलेल्या आकड्याला गटाचं नाव जोडलेलं असतं.